गालातून गेलेली कापसाची काडी

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर चहा घेताना आमच्या सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, "सर, तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून विचारते. पोराच्या गालात कापसाची काडी फिरवली. म्हणजे त्याचं नेमकं काय घेतलं?" कळव्यात शेजारच्या तरुणाशी झालेल्या किरकोळ मारामारीत तिशीच्या त्या मुलाला अटक झाली होती.

गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत झडत असतात. काडी फिरवली की त्या कापसाला चिकटतात. आईकडून सुमारे ३०० कोटी अक्षरं, वडिलांकडून तेवढीच, अशी डीएनएची पोथी पेशीच्या केंद्रकात असते. ओळख पटवताना प्रयोगशाळा ती सगळी वाचत नाही. पोथीत काही जागी चार अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. 'टीएच०१' नावाच्या जागी तो आईकडच्या प्रतीत ६ वेळा असेल, वडिलांकडच्या प्रतीत ९ वेळा. पीसीआर यंत्रात अशा जागांच्या प्रती काढतात. दर फेरीला दुप्पट, म्हणजे २८ फेऱ्यांत एकीच्या २६ कोटींवर. मग तुकडे मोजायचे. वीसेक जागांच्या आकड्यांची ही यादी म्हणजे डीएनए प्रोफाइल. एकसारखे (एकाच बीजातून जन्मलेले) जुळे सोडले तर दोन माणसांची यादी तंतोतंत जुळणं जवळजवळ अशक्यच.

या तंत्राला माझा विरोध नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या दोन खुनांच्या तपासात १९८०च्या दशकात ते वापरलं गेलं, तेव्हा आधी एका निर्दोष तरुणाची सुटका झाली, खरा गुन्हेगार नंतर सापडला.

माझी काळजी उरलेल्या कापसाची आहे. यादीत नुसते आकडे असतात, कापसात मात्र अख्खी पोथी: आनुवंशिक आजार, नातीगोती, सगळं. शिवाय त्यातला निम्मा भाग काकूंचा, आणि त्यांना तर कुणी अटक केलेली नाही.

१९२०चा जुना कायदा जाऊन ४ ऑगस्ट २०२२पासून फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा लागू झाला. त्यात 'जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण' एवढंच म्हटलंय. नोंदी ७५ वर्षं ठेवायच्या. आधी शिक्षा झालेली नसेल आणि अपिलं संपून माणूस निर्दोष सुटला, तर त्या नष्ट करायच्या. पण कोर्ट कारण नोंदवून तेही थांबवू शकतं. आकडे काढून झाले की कापूस जाळून टाका, असं कायद्यातच स्पष्ट लिहायला हवं होतं. डीएनएसाठी वेगळं विधेयक २०१९मध्ये लोकसभेत आलं होतं, ते २०२३मध्ये मागे घेतलं गेलं. दोषी न ठरलेल्यांचे नमुने कायमचे ठेवणं हा खासगी आयुष्यावर घाला आहे, असं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनला २००८मध्येच सुनावलं होतं.

"त्याला नाही म्हणता आलं असतं का?" काकूंनी विचारलं.

आलं असतं. गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल, तर अटकेतल्या माणसावर जैविक नमुना देण्याची सक्ती नाही. दंडाधिकाऱ्यांनी तसा आदेश दिला तर गोष्ट वेगळी.

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे त्याला तिथे कुणीच सांगितलं नाही हो."