वाटीखालचे पाच

ऐरोलीला ताईच्या घरी साडेचार वर्षांच्या भाचीपुढे पाच चिंचोके ठेवले. तिने मोजले. मग त्यांच्यावर वाटी पालथी घालून बाहेर आणखी तीन मांडले. "आता सगळे मिळून किती?" बाईसाहेबांनी वाटी उचलली आणि एकपासून सुरुवात केली. आठ! उत्तर बरोबर. पण दरवेळी वाटी वर.

"अगं, आत पाच आहेत ना? सहापासून मोज की!" ताई वैतागली. तिला वाटतं तेवढं हे सोपं नाही. बाहेरचे तीन भाचीला मोजावे लागत नव्हते. तीन-चार वस्तू माणूस नजरेनेच ओळखतो. अडचण झाकलेल्या पाचांची होती. 'पाच' म्हटलं की मागचे एक-दोन-तीन-चार त्यात आलेच, ते परत म्हणायला नकोत, हे आधी पटावं लागतं.

१९७७ साली गाय ग्रोएन आणि लॉरेन रेझनिक या संशोधकांनी याच वयाच्या मुलांना बेरजेची एकच रीत शिकवली: दोन्ही ढीग मोजायचे, एकत्र करायचे, सगळं पुन्हा मोजायचं. सराव होत गेला तशी त्यातली जवळपास निम्मी मुलं न शिकवताच मोठ्या संख्येपासून पुढे मोजू लागली. दोन अधिक सहा असले तरी सहा धरून सात, आठ. अदलाबदल केली तरी बेरीज बदलत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं! म्हणून मी ताईला म्हटलं, घाई नको. आणि बोटांवर मोजते म्हणून ओरडूही नकोस. आपली आजीसुद्धा भाजीचा हिशेब पेरांवरच करायची की.

मधल्या टप्प्यात एक चूक हमखास होते: पाच अधिक तीन म्हणजे "पाच, सहा, सात". सुरुवातीचा पाचच पुन्हा मोजला जातो. रविवारी वाशीला जाताना ती आमच्या डोळ्यांसमोर घडली. ऐरोलीच्या फलाटावर भाची बोटं दुमडत म्हणाली, "ऐरोली एक, रबाळे दोन, घणसोली तीन..."

"अगं, ऐरोलीत तर आपण उभेच आहोत. गाडी हलली कुठे?"

तिने पहिलं बोट परत सरळ केलं. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. सहा.

संध्याकाळी चिंचोके पुन्हा निघाले. तिने वाटीवर तळवा ठेवला, "पाच" म्हणाली, जरा थांबली. सहा, सात, आठ. मग हळूच वाटी उचलून आत पाच आहेत ना, ते बघून घेतलं.