कर्मचाऱ्यांवरील डिजिटल देखरेख

कर्मचारी काय करतो, किती वेळ करतो आणि कुठे आहे, याची संगणक, फोन, कॅमेरे किंवा स्कॅनरमार्फत सतत घेतली जाणारी नोंद. कीबोर्ड-माऊसची हालचाल टिपणे, ठरावीक अंतराने स्क्रीनशॉट घेणे, कॉल रेकॉर्ड करणे, वाहनाचा जीपीएस माग ठेवणे हे तिचे नेहमीचे प्रकार. करोनाकाळात घरून काम सुरू झाल्यावर अशा सॉफ्टवेअरची मागणी वाढली.

कामगारावर नजर ठेवणे नवे नाही. अमेरिकी अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी स्टॉपवॉच लावून कामाचा एकेक टप्पा मोजला त्याला शतक उलटले. पण मुकादमाला सगळीकडे एकाच वेळी उभे राहता येत नसे आणि त्याने पाहिलेले बरेचसे तो विसरतही असे. सॉफ्टवेअर विसरत नाही.

गोदामांत याचे टोक दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनच्या तेथील गोदाम कंपनीला ३.२ कोटी युरोंचा दंड ठोठावला. कामगाराच्या हातातला स्कॅनर दहा मिनिटे किंवा जास्त थांबला तर त्याची नोंद होई. उलट एक वस्तू स्कॅन केल्यावर १.२५ सेकंदांच्या आत दुसरी केली, तर तीही चूक धरली जाई. म्हणजे थांबलात तरी नोंद, घाई केलीत तरी नोंद. कंपनीला प्राधिकरणाचे निष्कर्ष मान्य नव्हते.

देखरेखीने काम सुधारते हा दावा मात्र कच्चा आहे. अनेक अभ्यासांच्या २०२२ मधील एकत्रित विश्लेषणात कामगिरी सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. ताण किंचित वाढलेला आणि समाधान घटलेले आढळले. जे मोजले जाते तेच दाखवण्याकडे माणसे वळतात. माऊस आपोआप हलवणारी उपकरणे त्यातूनच खपू लागली. २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना, कीबोर्ड चालू असल्याचा आभास त्यांनी निर्माण केल्यावरून, कामावरून काढले. विचार करणे, सहकाऱ्याला समजावणे, ग्राहकाचे शांतपणे ऐकून घेणे ही कामे मात्र आकडेवारीत रिकामा वेळ म्हणून उमटू शकतात.

कायदा देशागणिक वेगळा. कंपनीने कर्मचाऱ्याचे संदेश पाहिल्यावरून उभ्या राहिलेल्या बार्बुलेस्कू विरुद्ध रुमानिया खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले की, पूर्वसूचना दिली होती का, देखरेख किती खोलवर होती आणि कमी घुसखोरीचा मार्ग होता का, हे देशांच्या न्यायालयांनी तपासलेच पाहिजे. न्यूयॉर्क राज्यात मे २०२२ पासून नव्या कर्मचाऱ्याला लेखी सूचना देऊन पोच घेणे बंधनकारक आहे. त्यानंतर किती पाहायचे यावर मात्र तो कायदा मर्यादा घालत नाही.