सुरण

सुरण ही अळूच्या कुळातील (अ‍ॅरेसी) बहुवर्षायू कंदवनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस पेओनिफोलियस. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, केळी-कापसाच्या मानाने तिला शेतात फारच थोडी जागा मिळते. शेजारच्या दक्षिण गुजरातेत मात्र सुरणाची व्यापारी शेती चांगली रुजली आहे.

जमिनीवर उभा दिसणारा, फिकट ठिपक्यांचा जाड दांडा हे खोड नव्हे. तो पानाचा देठ. माथ्यावर छत्रीसारखे पसरते ते सगळे मिळून एकच पान. खरे खोड जमिनीत, म्हणजे कंद. पान वाढत असताना लावलेला कंद झिजून सुकतो आणि त्याच्या जागी नवा, अधिक मोठा कंद तयार होतो. त्यामुळे पान जितके दिवस हिरवे टिकेल, तितका कंद भरतो. कंद जमिनीतच राहू दिला, तर पुरेसा मोठा झाल्यावर त्याला उन्हाळ्याच्या अखेरीस पानाआधी जांभळट फुलोरा येतो. त्याच्या कुजक्या मांसासारख्या वासाने भुंगेरे येतात व परागण होते. पिकाची काढणी त्याआधीच होत असल्याने लागवड करणाऱ्यांनाही हा फुलोरा क्वचितच दिसतो.

लागवड आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पावसाच्या तोंडापर्यंत करतात. बेण्याच्या प्रत्येक फोडीला माथ्यावरच्या डोळ्याचा भाग असावा लागतो. पाणी तुंबले की कंद सडतो. म्हणून भारी काळ्या जमिनीत सुरण धोक्याचे, तर निचऱ्याच्या पोयट्यात ते उत्तम येते. साधारण आठ-नऊ महिन्यांनी पान पिवळे पडून लोळले की खणणी.

सुरणाची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे सुटते. हाताला तेल चोळून साल जाड काढावी, फोडी चिंचेच्या पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यावे. इथे घाई केली की घसा धरतोच. उकडलेल्या फोडी तेलावर परतून, भाजलेला कांदा-खोबरे आणि काळा मसाला घातलेल्या झणझणीत रश्शात सोडल्या तरी फुटत नाहीत. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर अशी भाजी फार चांगली लागते. आयुर्वेदात सुरणाला ‘अर्शोघ्न’ म्हणतात, कारण ते मूळव्याधीवर सांगितले आहे. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ऑक्झलेटमुळे ते जपून खावे.