वर्गाध्यापनात ऑनलाइन व्हिडिओ

इंटरनेटवर सर्वांना पाहता येणारे व्हिडिओ शिक्षकाने पाठाचा भाग म्हणून वापरणे, तसेच शिक्षक-विद्यार्थ्यांनी स्वतः व्हिडिओ तयार करून इतरांसाठी उपलब्ध करून देणे, या दोन्हींचा या अध्यापनपद्धतीत समावेश होतो. वर्गात चलचित्रे दाखवण्याची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि चलचित्रांतून सगळे विषय शिकवता येतील, असे भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्येच केले होते. ते खरे ठरले नाही. पुढे टीव्ही आणि व्हिडिओ कॅसेटही वर्गात आल्या, पण फीत मिळवण्यात किंवा प्रक्षेपणाची वेळ साधण्यात शिक्षकाची बरीच शक्ती खर्ची पडे. ऑनलाइन व्हिडिओमुळे नेमका हवा तो दीड मिनिटाचा तुकडा, हवा त्या क्षणी आणि हवा तितक्या वेळा दाखवता येऊ लागला.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. तो अवघा १९ सेकंदांचा होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील सलमान खान यांनी (हे अभिनेते नव्हेत) नातेवाईक मुलांना गणित शिकवण्यासाठी केलेले व्हिडिओ तेथे टाकायला सुरुवात केली आणि त्यातून खान अकादमी ही मोफत ऑनलाइन शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. २००७ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक तास बुडालेल्या मुलांसाठी आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करू लागले. विवेचन घरी पाहायचे आणि वर्गातला वेळ उदाहरणे सोडवण्यात व प्रयोगांत घालवायचा, अशी फ्लिप्ड क्लासरूम पद्धत पुढे त्यातूनच रुजली. २००८ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाने आवर्तसारणीतील प्रत्येक मूलद्रव्यावर व्हिडिओ करण्याचा उपक्रम हाती घेतला. शाळेच्या प्रयोगशाळेत जे करणे धोक्याचे किंवा अशक्य असते ते अशा उपक्रमांमुळे वर्गात डोळ्यांनी पाहता येते. या माध्यमाचे हेच सर्वांत मोठे बलस्थान आहे.

मात्र व्हिडिओ लावला म्हणजे शिकवले, असे होत नाही. ‘अपोलो १५’ मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी १९७१ मध्ये चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले. हवा नसल्यामुळे दोन्ही एकदमच खाली पडले. हे चित्रण नुसते दाखवले तर वर्ग थक्क होतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. तेच चित्रण वस्तू हातातून सुटण्याआधी थांबवून ‘आधी काय पडेल आणि का?’ असे विचारले, उत्तरे वहीत लिहून घेतली, शेजाऱ्याशी वाद घालू दिला आणि मग पुढे चालवले, तर प्रत्येकाला आपलाच अंदाज तपासावा लागतो. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्गातील प्रत्यक्ष प्रयोगांबाबत हेच दिसले होते. नुसता प्रयोग पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची समज तो न पाहणाऱ्यांपेक्षा फारशी पुढे गेली नाही. आधी अंदाज बांधणाऱ्यांची मात्र स्पष्टपणे वाढली. व्हिडिओला थांबवायचे बटण असते, आणि अध्यापनाच्या दृष्टीने त्याइतकी उपयुक्त सोय दुसरी नाही.

सफाईदार विवेचनाबाबतही सावध राहायला हवे. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर संशोधन केले. सरळ, स्वच्छ स्पष्टीकरण पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना सगळे समजल्यासारखे वाटे, पण त्यांच्या चुकीच्या धारणा तशाच राहत. त्या धारणा संवादातून पुढे आणून खोडणारे व्हिडिओ विद्यार्थ्यांना गोंधळाचे वाटले, तरी त्यांतून ते अधिक शिकले.

लांबीबद्दल सांगायचे तर, एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील सुमारे ६९ लाख पाहण्यांच्या नोंदींचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपुढे गेला नाही. हे विद्यार्थी घरबसल्या स्वेच्छेने शिकणारे होते. तरीही वर्गासाठी तुकडे लहानच निवडावेत.

निवडीची जबाबदारी शिक्षकावरच येते. ७ नोव्हेंबर १९४० रोजी कोसळलेल्या अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पुलाचे चित्रण अनुनादाचे (बाहेरच्या झोतांची लय वस्तूच्या स्वतःच्या लयीशी जुळून कंपने वाढण्याचे) उदाहरण म्हणून असंख्य वर्गांत दाखवले गेले. प्रत्यक्षात पूल वाऱ्याच्या ठरावीक वारंवारतेच्या झोतांशी जुळून कोसळला नव्हता. पुलाच्या पिळवटत्या हालचालीच वाऱ्यातून ऊर्जा शोषत स्वतःला वाढवत गेल्या होत्या. चित्र खरे आणि त्यावरचे भाष्य चुकीचे, असा प्रकार ऑनलाइन व्हिडिओंत वारंवार आढळतो. म्हणून व्हिडिओ आधी शेवटपर्यंत पाहून, कोठे थांबायचे याच्या खुणा टाचणात करून मगच वर्गात जावे. जाहिराती, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ आणि अचानक काढून टाकलेला दुवा यांचाही बंदोबस्त आधीच करावा लागतो. सबटायटल लावल्यास ऐकण्यात अडचण असलेल्या मुलांना तोच पाठ मिळतो. मात्र आपोआप तयार झालेल्या सबटायटलमध्ये पारिभाषिक शब्द अनेकदा चुकतात.

व्हिडिओ पाहण्यास खुला असला म्हणजे तो उतरवून पुन्हा प्रसिद्ध करण्याची मुभा मिळत नाही. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर पुनर्वापराची मुभा देणारा, परवाना आहे का ते पाहावे लागते.

विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले व्हिडिओ हा या पद्धतीचा सर्वांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत फलदायी भाग आहे. एखादी संकल्पना दोन मिनिटांत समजावून सांगायची म्हटले की मुलाला ती कोठे अडते हे स्वतःलाच कळते, आणि लेखी उत्तरात झाकली जाणारी चूक शिक्षकाला बोलण्यातून लगेच दिसते. असे काम सार्वजनिक करण्याची गरज नसते. दुवा असलेल्यांनाच दिसेल किंवा निवडक खात्यांनाच उघडेल, अशी सोय बहुतेक मंचांवर असते. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घ्यावी, चेहरा न दाखवता फक्त वही, हात किंवा फळा चित्रित करावा आणि वर्ष संपल्यावर व्हिडिओ काढून टाकावेत.