इंग्रजी बायोडेटा टाइप करायला देण्यापूर्वी हे एकदा वाचा

आमच्याकडे इंग्रजी बायोडेटा, नोकरीचे अर्ज, अनुभवाचे दाखले टाइप करायला किंवा मराठीवरून इंग्रजीत करून घ्यायला येणारे ग्राहक नेहमी विचारतात, “मजकूर तर तयार आहे, मग एका पानाला उद्या कशाला?” टायपिंगला खरंच वेळ लागत नाही. वेळ जातो तो तुम्हाला फोन करून “ही नोकरी चालू आहे का सुटली?” हे विचारण्यात आणि उत्तराची वाट बघण्यात. हा प्रश्न विचारावा लागतो, कारण कागदावरचं क्रियापद एक सांगतं आणि शेजारची तारीख दुसरंच.

‘वर्क’सारखं नियमित क्रियापद शाळेत सगळ्यांनी चालवलेलं आहे. त्याची रूपं चारच: वर्क, वर्क्स, वर्क्ड, वर्किंग. ॲम-इज-आर, वॉज-वेअर, हॅव-हॅज-हॅड आणि विल जोडून त्यांतूनच शाळेतले बारा काळ तयार होतात. आय वर्क, ही वर्क्स, आय ॲम वर्किंग, आय विल वर्क इथपर्यंत कुणाचं फारसं चुकत नाही.

चुकतं ते ‘पासून’ आलं की. “मी 2019 पासून इथे काम करतोय” हे मराठीत चालू वर्तमानकाळात अगदी बरोबर आहे. तेच जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की “आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2019” होतं, आणि आमच्याकडे येणाऱ्या मजकुरात सर्वांत जास्त वेळा दिसणारं वाक्य हेच. मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामासाठी इंग्रजीला “आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2019” लागतं. सुरुवातीचं साल किंवा तारीख द्यायची असेल तर सिन्स, किती वर्षं झाली ते सांगायचं असेल तर फॉर: “फॉर फाइव्ह इयर्स”.

नोकरी सुटली असेल तर साधा भूतकाळ पुरतो: “आय वर्क्ड देअर फ्रॉम 2016 टु 2019.” इथे भारदस्त वाटावं म्हणून हॅव घालू नका. संपलेल्या सालाबरोबर हॅव वर्क्ड बसत नाही.

म्हणजे एका ‘वर्क’च्या रूपावरून वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही त्या कंपनीत आज आहात की नाही. चालू नोकरीपुढे नुसतं वर्क्ड लिहिलं तर तुम्ही घरी बसलेले दिसता. सुटलेल्या नोकरीपुढे वर्किंग राहिलं तर एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी दिसते. जुन्याच फाइलमध्ये नवी नोकरी वर चिकटवून आणलेल्या बायोडेटात तर हे हमखास सापडतं. कामांच्या यादीतही तेच बघा: सुटलेल्या नोकरीखाली मॅनेज्ड, हँडल्ड, चेक्ड, चालू नोकरीखाली मॅनेज, हँडल, चेक.

काही जण म्हणतात, तुम्ही जाणकार आहात, तुम्हीच दुरुस्त करून टाका. स्पेलिंग आम्ही न विचारता सुधारतो. काळ मात्र विचारल्याशिवाय बदलत नाही, कारण तो बदलला की माहितीच बदलते आणि त्या कागदाखाली सही तुमची असते. संगणकाचाही इथे उपयोग नाही. वर्क्डचं स्पेलिंग बरोबर असल्याने त्याखाली लाल रेघ येत नाही, आणि तुम्ही राजीनामा दिला आहे का हे त्याला कुठून कळणार?

अनुभवाच्या दाखल्याला आम्ही आणखी जपतो. कंपनीची सही-शिक्का झाल्यावर चूक लक्षात आली तर पुन्हा साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहावं लागतं. मराठी दाखल्यात “सन 2016 पासून कार्यरत आहेत” असेल तर हॅज बीन वर्किंग, “कार्यरत होते” असेल तर वर्क्ड, इतकं सरळ आहे. पण “यांनी आमच्याकडे पाच वर्षे काम केले आहे” या वाक्यातून नोकरी चालू आहे की संपली ते कळत नाही. असा दाखला आला की आम्ही थांबतो आणि रुजू झाल्याची व कार्यमुक्त झाल्याची तारीख मागतो. दोन्ही तारखा पहिल्याच वेळी दिल्यात तर फोनाफोनी वाचते.

तक्रार अर्जात आणखी एक चूक फार येते: “आय डिड नॉट रिसीव्ह्ड”. डिड आलं की भूतकाळ झाला. पुढे रिसीव्ह मूळ रूपातच ठेवायचं. प्रश्नातही तसंच.

स्पेलिंग आम्ही बघतोच, तरी ऑनलाइन फॉर्म स्वतः भरणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. अप्लायमधला शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आयईडी’ येतं, पण स्टेमध्ये ‘वाय’च्या आधी स्वर असल्याने तो तसाच राहतो. ट्रान्सफर्डमध्ये ‘आर’ दोनदा येतो, ऑफर्डमध्ये एकदाच, कारण ट्रान्सफर हे क्रियापद म्हणताना जोर शेवटी पडतो आणि ऑफर म्हणताना सुरुवातीला. मुलाखतीला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की वर्क्डचा उच्चार ‘वर्क्ट’ होतो. जॉइन्डमध्ये ‘ड’च ऐकू येतो आणि वॉन्टेडमध्ये ‘टेड’.

मजकूर आणताना प्रत्येक नोकरीपुढे सुरुवातीची तारीख आणि सोडल्याची तारीख मराठीत लिहा. नोकरी चालू असेल तर ‘चालू’ लिहा. इंग्रजी वाक्यं जमली नाहीत तरी हरकत नाही, नुसती माहिती आणलीत तर वाक्यं आम्ही बसवून देतो. छपाईआधी प्रूफ व्हॉट्सॲपवर येईल. त्यात नावाच्या स्पेलिंगबरोबर प्रत्येक नोकरीचं क्रियापदही तपासा आणि मगच ‘ओके’ कळवा.