विपश्यना शिबिरातले सहायक आचार्य : त्यांचा दिवस असा का असतो, थोडी पार्श्वभूमी

इगतपुरीला विपश्यनेचं (श्वास आणि अंगावरच्या संवेदना बघायचं ध्यान) दहा दिवसांचं शिबिर करून आलेल्या कुणालाही विचारा की तिकडे शिकवलं कोणी, उत्तर जवळपास ठरलेलं असतं, गोयंकाजींनी. आता सत्यनारायण गोयंका २९ सप्टेंबर २०१३ ला मुंबईत गेले, पण उत्तर काही बदललं नाहीये, कारण सूचना त्यांच्या आवाजात, पहाटेचे दोहे त्यांच्या आवाजात आणि संध्याकाळचं प्रवचनही त्यांचंच. मग हॉलमध्ये समोर जरा उंच आसनावर एक गृहस्थ आणि एक बाई शांत बसलेले असतात ते कोण? ते सहायक आचार्य. दहा दिवस शिबिर तेच चालवतात, आणि बहुतेकांना घरी आल्यावर त्यांचं नावही आठवत नाही.

त्यांचा दिवस साधकांच्याच घंटेवर चालतो. पहाटे ४ ला घंटा, साडेचारपासून ध्यान, साडेसहाला नाश्ता, मग ८, दुपारी अडीच आणि संध्याकाळी ६ अशा तीन सामूहिक बैठका, प्रत्येकी एक तास. रेकॉर्डिंग लावायचं आणि बंद करायचं हेही बहुतेक तेच करतात. मधल्या वेळात साधकांना चार-पाच जणांच्या गटाने पुढे बोलावून हळू आवाजात विचारायचं, श्वास कळतोय का, संवेदना कुठे कळतायत, कुठे काहीच कळत नाहीये. दुपारी १२ ते १ या वेळात बाकीचे जेवून आडवे होतात तेव्हा आचार्यांची भेटीची वेळ असते, आर्य मौन, म्हणजे साधकांनी आपापसात न बोलण्याचा नियम, असलं तरी त्यांच्याशी बोलता येतं, आणि तिथे लोक काय काय घेऊन येतात! गुडघा दुखतोय, रात्री झोप नाही, वारलेले वडील सारखे आठवतायत, मला आत्ताच्या आत्ता घरी जायचंय. सातला प्रवचन, ते संपल्यावर थोडं ध्यान, ९ नंतर हॉलमध्ये प्रश्नोत्तरं, मग धम्मसेवकांबरोबर (शिबिरात बिनपैशाने राबणारे जुने साधक) बसून दिवसाचा आढावा आणि मैत्री (सगळ्यांचं भलं होवो असं ध्यान), तेव्हा कुठे खोलीवर. या सगळ्याचे पैसे? शून्य. मानधनही नाही.

हे असं का, ते कळायला इगतपुरी सोडून आधी ब्रह्मदेशात जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे इंग्रजांनी राजा मिंडॉनचा मुलगा थिबा याला गादीवरून उतरवलं (तोच थिबा ज्याला पुढे आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, तो राजवाडा आजही आहे). राजा गेला म्हणजे भिक्खुसंघाचा आश्रयदाता गेला, आणि धम्म आता टिकणार कसा ही काळजी तिथल्या भिक्खूंना लागली. लेडी सयाडो (१८४६–१९२३; सयाडो म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंसाठीचं बर्मी संबोधन) हे त्यातले मोठे विद्वान. त्यांनी पाली ग्रंथांवर साध्या बर्मी भाषेत लिहायला सुरुवात केली आणि गावोगाव फिरून शेतकरी, व्यापारी, बायका सगळ्यांना अभ्यास आणि ध्यान दोन्हीकडे वळवलं. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं धाडस वेगळं होतं, त्यांनी शिकवायची परवानगी एका शेतकऱ्याला दिली. चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, न घातलेल्या माणसाला.

हा शेतकरी म्हणजे सया तेजी (१८७३–१९४५). रंगूनजवळच्या खेड्यातला. १९०३ च्या कॉलऱ्यात घरातली दोन मुलं गेली आणि माणूस सैरभैर झाला, शेती बायकोवर सोपवून गुरू शोधत निघाला, लेडी सयाडोंकडे वर्षानुवर्षं राहिला आणि शेवटी गावाला परत येऊन १९१४ च्या सुमारास शिकवायला लागला. मुद्दा असा की आचार्य झाल्यावरही तो संसारीच राहिला, विहारात जाऊन बसला नाही. इथूनच या परंपरेतल्या शिक्षकाची जात ठरली असं म्हणायला हरकत नाही.

त्यांच्याकडे १९३७ मध्ये एक सरकारी अकाउंट्सवाला आला, ऊ बा खिन. याची गोष्ट तर मला फारच आवडते. १९४१ मध्ये कामाच्या दौऱ्यावर रेल्वेने फिरताना ते वेबू सयाडो नावाच्या मोठ्या भिक्खूंना भेटले, त्यांनी सांगितलं की तू आता शिकवायला लाग, आणि त्याच दिवशी तिथल्या असिस्टंट स्टेशन मास्तरला ऑफिसच्या रेल्वे डब्यातल्या जेवणाच्या टेबलांवर बसवून आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, शिकवलं. पहिला विद्यार्थी रेल्वेतला, वर्ग रेल्वेच्या डब्यात! पुढे १९४८ ला देश स्वतंत्र झाल्यावर हेच ऊ बा खिन तिथले अकाउंटंट जनरल झाले. ऑफिसातच ध्यानाची खोली, ऑफिसातल्या लोकांचाच गट, आणि १९५२ मध्ये रंगूनला स्वतःचं ध्यान केंद्र. एकेकाळी एकाच वेळी तीन-चार खाती सांभाळायचे आणि उरलेला वेळ केंद्रात. १९६७ ला रिटायर होईपर्यंत हे असंच चाललं.

दहा दिवसांच्या शिबिराचं गणितही मला वाटतं इथेच बसलं. समोर बसणारे लोक क्लार्क, अधिकारी, दुकानदार, त्यांना महिनोन्‌महिने रजा कोण देणार? मग दहा दिवसांत सगळं बसवायचं, पहाटे ४ पासून रात्री साडेनऊपर्यंत घट्ट. शिकवणाराही नोकरदार, शिकणाराही नोकरदार, त्यामुळे वेळेची शिस्त ऑफिससारखी कडक.

ऊ बा खिन यांच्याकडे गोयंका आले १९५५ ला. मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी, कट्टर सनातनी घर, आणि डोकं ठणकणारा मायग्रेन ज्यासाठी मॉर्फिनपर्यंत मजल गेलेली. ऊ बा खिन म्हणाले की डोकेदुखीसाठी येणार असशील तर येऊ नकोस, ही विद्या त्याहून मोठ्या कामासाठी आहे. तरी आले, राहिले, चौदा वर्षं शिकले. साठच्या दशकात तिथल्या लष्करी सरकारने उद्योगधंद्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, गोयंकांचेही उद्योग गेले, आणि एरवी ज्या माणसाला श्वास घ्यायला वेळ नव्हता त्याला खरोखरच श्वास बघायला भरपूर वेळ मिळाला. १९६९ च्या जूनमध्ये आई आजारी म्हणून भारतात यायची परवानगी मिळाली, आणि जुलैच्या सुरुवातीला मुंबईत एका धर्मशाळेत पहिलं शिबिर झालं. मोजकी माणसं, त्यात आई-वडीलही.

पुढची काही वर्षं म्हणजे नुसती फिरती. धर्मशाळा, शाळा, मिळेल ती जागा. पहाटेचं पठण, दिवसभराच्या सूचना, प्रत्येकाची विचारपूस, रात्रीचं प्रवचन, सगळं एकटा माणूस करायचा, हिंदीत एक शिबिर संपलं की परदेशी तरुणांसाठी इंग्रजीत दुसरं. १९७६ ला इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं, कसारा घाट चढून वर आलं की लगेच, मुंबईहून रेल्वेने सोयीचं. १९७९ पासून परदेशातही शिबिरं सुरू झाली आणि मग उघडच होतं की हे एका माणसाच्या घशाला झेपणारं नाही.

तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सहायक आचार्य नेमायला सुरुवात झाली, आणि गोयंकांच्या सूचना-प्रवचनांच्या टेप आल्या. इथे खरा निर्णय झाला. दुसरा एखादा गुरू असता तर शिष्यांना म्हणाला असता की जा, आता तुमच्या शब्दांत शिकवा. गोयंकांनी तसं केलं नाही. शब्द माझेच राहतील, तुम्ही बसा, ऐका, विचारपूस करा, धीर द्या. कारण असं दिलं जातं की प्रत्येक जण आपली भर घालत गेला तर दोन पिढ्यांत विद्या ओळखू येणार नाही. पटतं का? मला अर्धं पटतं. एकीकडे यामुळेच आज जगभर दोनशेहून जास्त केंद्रांवर, धुळ्याच्या धम्म सरोवरला जा नाहीतर कोल्हापूरच्या धम्मालयला, तेच शिबिर मिळतं, आणि कोणी सहायक आचार्य स्वतःचा पंथ काढून बसत नाही. दुसरीकडे समोरच्या माणसाला रेकॉर्डिंगमध्ये नसलेलं काही होत असेल, मनाचा जुना आजार वर येत असेल, तर आचार्य काही डॉक्टर नसतात. म्हणून तर अर्जात तब्येतीचे आणि मनाच्या आजारांचे प्रश्न इतके खोदून विचारतात. ते फॉर्म लोक घाईत खोटे भरतात हा वेगळाच वैताग.

पैसे न घेण्याचं मूळही याच साखळीत आहे. शेतकऱ्याकडे शेत होतं, अकाउंटंट जनरलकडे पगार होता, व्यापाऱ्याकडे धंदा होता. शिकवण्यावर पोट भरायची वेळ कुणावर आली नाही, आणि मग तोच नियम झाला, आचार्याची उपजीविका वेगळी हवी. शिबिराचा खर्च निघतो तो आधी शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानातून. त्यामुळे समोर बसलेला माणूस रिटायर्ड इंजिनियर असेल, बँकेतला असेल, किराणा व्यापारी असेल. स्वतःची रोजची सकाळ-संध्याकाळ एक-एक तासाची बैठक चुकवायची नाही, वेळ काढून स्वतःही लांबची शिबिरं करायची, धम्मगिरीशेजारच्या धम्म तपोवनात महिना महिना बसायचं. घरच्यांची साथ नसेल तर हे जमणं कठीण, म्हणून नवरा-बायको दोघंही आचार्य असं खूप दिसतं. त्यातही गोयंका आणि त्यांच्या पत्नी इलायचीदेवी हीच पहिली जोडी, इलायचीदेवी (त्यांना सगळे माताजी म्हणत) प्रवचन देत नसत पण आसनावर शेजारी बसलेल्या असायच्या. पुरुष साधकांची विचारपूस पुरुष आचार्यांनी आणि बायकांची बाई आचार्यांनी करायची ही पद्धत असल्यामुळे बहुतेक शिबिरांना बाई आचार्य लागतात, आणि आपल्याकडच्या किती धार्मिक संस्थांमध्ये शिकवायच्या आसनावर बाई बसते ते तुम्हीच मोजा.

महाराष्ट्रात या सगळ्याला एक वेगळा रंग आहे. १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती भिक्खू चंद्रमणींच्या हातून, आणि तेही मूळचे ब्रह्मदेशातलेच. पुढे गोयंकांच्या शिबिरांना आंबेडकरी समाजातून बरेच लोक आले, आणि ध्यानात बसून समाज बदलतो का यावर त्या समाजात जोरदार वादही झाले, अजून होतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना शिबिरासाठी रजेची सोय आहे, शाळांमध्ये मित्र नावाच्या उपक्रमात मुलांसाठी आनापान आहे, म्हणजे नोकरदारांचं ध्यान म्हणून सुरू झालेली गोष्ट फिरून सरकारी फाइलीतच आली.

गोयंकांनी जाताना एक कुणी गादीवर बसवला नाही. जबाबदारी विभागवार ज्येष्ठ आचार्यांत वाटलेली आहे, आणि नवे सहायक आचार्य आजही नेमले जातात, आधी साधक, मग धम्मसेवक, मग बऱ्याच वर्षांनी कोणीतरी विचारतं की बसाल का. शिबिर अकराव्या दिवशी सकाळी सुटतं, साधक इगतपुरी स्टेशनकडे रिक्षा शोधत निघतात, आणि आचार्यांचा हिशोब, कोण मधेच सोडून गेलं, कुणाला पुढच्या वेळी जपून घ्यायचं, हे सगळं लिहून झालं की तेही आपली बॅग उचलून घरी, सोमवारी दुकान उघडायचं असतं.