गोळ्या आणि रात्रीचे इन्सुलिन: एका जोडउपचाराची पार्श्वभूमी

टाइप २ मधुमेहात तोंडाने घ्यायच्या गोळ्या चालू ठेवून त्यांना दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनच्या एका इंजेक्शनची जोड देणे आज सर्वत्र रुळले आहे. परंतु ही दोन औषधे कित्येक वर्षे एकमेकांचे पर्याय मानली जात. गोळ्या लागू पडेनाशा झाल्या की त्या बंद करायच्या आणि इन्सुलिन सुरू करायचे, असा प्रघात होता. त्यामुळे इन्सुलिन म्हणजे आजाराचा शेवटचा टप्पा ही समजूत घरोघरी घट्ट झाली आणि तिने रुग्णांचे फार नुकसान केले.

टोरंटोमध्ये १९२२ साली प्रथम दिलेल्या इन्सुलिनचा परिणाम काही तासच टिकत असे. डेन्मार्कमध्ये हागेडॉर्न यांनी १९३६ साली त्यात प्रोटामिन हे प्रथिन मिसळून तो काळ वाढवला आणि त्याच प्रयोगशाळेतून १९४६ साली एनपीएच इन्सुलिन आले. हे गढूळ असते. बाटली तळहातांमध्ये हलकेच घोळवून औषध एकजीव करावे लागते आणि त्यात हयगय झाली तर त्याच युनिटांचा परिणाम रोज वेगळा दिसतो.

गोळ्यांचा उगम मात्र निराळाच. फ्रान्समधील माँपेलिए येथे १९४२ साली मार्सेल जाँबाँ टायफॉइडवर एक सल्फा औषध वापरत असताना रुग्णांची साखर धोकादायकरीत्या उतरू लागली. ऑगस्त लूबातिएर यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९५०च्या दशकात स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या सल्फोनिलयुरिया गोळ्या बाजारात आल्या. १९५७ साली झाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करणे हे त्याचे मुख्य काम.

दोन्ही उपचार एकत्र आणण्यामागचा खरा विचार याच यकृताशी निगडित आहे. रात्रभर पोटात अन्न नसतानाही यकृत रक्तात साखर सोडत राहते, टाइप २ मध्ये तिला पुरेसा लगाम बसत नाही, आणि सकाळची उपाशीपोटीची साखर चढलेली असली की दिवसभराचे आकडे तिच्यावरच रचले जातात. रात्री थोडे इन्सुलिन देऊन ही पातळी खाली आणावी आणि दिवसा जेवणानंतरची साखर गोळ्यांनी सांभाळावी, ही कल्पना १९८०च्या दशकात पुढे आली. फिनलंडमध्ये हान्नेले य्की-यार्विनेन यांच्या गटाने १९९२ साली १५३ रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली. गोळ्या आणि संध्याकाळचे एनपीएच घेणाऱ्यांची साखर दिवसातून अनेक इंजेक्शने घेणाऱ्यांइतकीच सुधारली, वजन मात्र त्यांच्यापेक्षा कमी वाढले. याच गटाच्या १९९९च्या अभ्यासात रात्रीच्या इन्सुलिनसोबत मेटफॉर्मिनची जोडी सर्वांत सरस ठरली. त्यात रुग्ण सकाळची साखर पाहून इन्सुलिनची मात्रा स्वतःच वाढवत होते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

तोवर ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाने दाखवून दिले होते, की स्वादुपिंडाची क्षमता वर्षागणिक घटतच जाते. गोळ्या अपुऱ्या पडण्याचा दोष रुग्णाच्या पथ्यावर ढकलण्याची सवय त्यानंतर तरी सुटायला हवी होती.

२००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन म्हणजे पारदर्शक, आम्लधर्मी द्रावण आहे. त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण साकळतात आणि त्यांतून इन्सुलिन सुमारे दिवसभर संथपणे झिरपत राहते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ७५६ रुग्णांच्या चाचणीत गोळ्यांना एनपीएच किंवा ग्लार्जिनची जोड देऊन, झोपताना १० युनिटांपासून सुरुवात करून मात्रा दर आठवड्याला वाढवली गेली. दोन्ही गटांत सुमारे ६० टक्के रुग्णांचे एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ७ टक्क्यांपर्यंत उतरले. ग्लार्जिन घेणाऱ्यांची साखर रात्री एकाएकी कमी होण्याचे प्रसंग मात्र कमी होते.

अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुतेक रुग्णांत इन्सुलिनच्या आधी जीएलपी-१ गटातील (आतड्यातील एका संप्रेरकासारखे काम करून साखर उतरवणाऱ्या) इंजेक्शनांचा विचार केला जातो. तथापि वजन झपाट्याने घटत असेल किंवा साखर ३०० मिलिग्रॅमच्या घरात असेल, तर आरंभीच इन्सुलिन दिले जाते. मूत्रपिंडाचा त्रास वा अन्य अडचण नसेल, तर मेटफॉर्मिन त्यासोबत चालूच राहते. सल्फोनिलयुरियाची मात्रा मात्र साखर फार उतरू नये म्हणून डॉक्टर बहुधा कमी करतात किंवा ती गोळी थांबवतात.